तेरावा दिवा

लातूर, ५ सप्टेंबर १९८२

ती. सौ. महादेवीअक्कास,
गुरुपादप्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला. तू रागावली असशील, हे धरूनच लिहायला बसलोय. आपलं लातूर जिल्ह्याचं गाव झालं, हे तू मुखेडला बसून वाचलंच असशील. इथं रोज नवीन कचेरीची पाटी लागून राहिली आणि रोज कुणीतरी साहेब घर भाड्यानं मागतोय. पाऊस मात्र जिल्हा बघायला अजून आलेला नाही.

आता मुख्य बातमी. रेडिओदुरुस्तीचं दुकान मी बंद केलं. हैदराबादला ज्या कारखान्यात तीन वर्षं काढली, तिथं बँकांसाठी चोरघंटा बनत होत्या. तेच काम इथं सुरू केलंय. गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानाच्या शटरला आणि गोदामाच्या दाराला एक बटण बसवतो. तिथून छपरांवरून तार माझ्या माडीपर्यंत येते. कुलूप लावल्यावर कुणी दार उघडलं, की माझ्या भिंतीवरच्या दिव्यांच्या पाटीवर त्या दुकानाचा दिवा लागतो आणि घंटा वाजते. मग संगप्पा शिट्टी घेऊन सायकलवर धावतो आणि मी ठाण्याला फोन करतो. संगप्पा म्हणजे होमगार्डातून सुटलेला, पन्नाशीचा, मिशांचा. कंपनीचं नाव ‘सावध घंटा सेवा’.

पहिलं गिऱ्हाईक बसलिंगप्पाकाका भुसारवाले. आपल्या अप्पांचा पोरगा म्हणून त्यांनी विश्वास टाकला आणि त्यांच्या शब्दावर आणखी अकरा जण आले. पाटीवर बारा दिवे झाले.

रात्री मी आणि संगप्पा आलटून पालटून बसतो. गोदामं दिवसाही बंद असतात, म्हणून दिवसा पाटीसमोर बसायला माणूस पाहिजे. लिहिता येणारं, डुलक्या न घेणारं आणि खोटं न लिहिणारं. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर कळव. दाजींना नमस्कार.

तुझा लोभ माझ्या वेड्या उद्योगावरही असू दे.
तुझा,
गुरू

*

मुखेड, १४ सप्टेंबर १९८२

चि. गुरुपादप्पास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी दोनदा मोठ्यानं वाचलं. लहानपणी घरातलं दूध कोण पितं हे बघायला तू फडताळाला घुंगरू बांधलं होतंस आणि शेवटी स्वतःच सापडला होतास. त्यामुळे धंदा तुला शोभतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

माणूस आहे. माझ्या वर्गात पंचशीला नावाची मुलगी होती. मागच्या वर्षी मॅट्रिक झाली. टेलिफोन खात्यात अर्ज करून वाट बघून राहिली. अक्षर मोत्यासारखं. एकदा परीक्षेत मी तिला चुकून जास्त गुण दिले, तर पेपर परत घेऊन आली आणि म्हणाली, बाई, हे माझे न्हाईत. तिचे मामा केरबा लातुरात बांधकामावर मुकादम आहेत, त्यांच्याकडे राहील. तिला नीट वागव. माझी विद्यार्थिनी आहे, हे गोलाईतल्या लोकांनाही कळू दे.

पाण्याचं म्हणशील तर आमचा आड अजून तग धरून आहे. तू वेळेवर जेव. संगप्पाच्या मिशा वाढल्या तरी चालतील, तुझी दाढी नको.

माया आहेच, तू फक्त पत्रं पाठवत जा.
अक्का

*

लातूर, २० जानेवारी १९८३

ती. सौ. अक्कास,
गुरूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पंचशीला पाठवलीस ते फार बरं झालं. तिनं आल्या आल्या रजिस्टर आखलं. वेळ, कोणता दिवा, कोण गेलं, काय आढळलं, असे चार रकाने. आत्तापर्यंत चौथ्या रकान्यात काय काय जमलंय ते ऐक. उंदीर. माकड. पुन्हा तेच माकड. एकदा कापडवाले रेवणप्पा स्वतःच, बटण बंद न करता चष्मा घ्यायला आले होते. संगप्पानं त्यांना मागून मिठी मारून धरलं आणि सुटायला त्यांना स्वतःचं नाव तीनदा सांगावं लागलं. ठाण्यातले हवालदार मला फोनवर आधीच विचारतात, आज उंदीर का माकड.

पण हसण्यातही एक खरी चोरी टळली. तेलाच्या गोदामाचं दार उचकटणारे दोघे संगप्पाची शिट्टी ऐकून पहार टाकून पळाले. त्या दिवसापासून आम्हाला गोलाईत चहा फुकट मिळतो.

एक गोष्ट मनाला टोचतेय. इथं नळाला आठवड्यात एकदा पाणी येतं, तेही करंगळीएवढं. बसलिंगप्पाकाकांच्या घरामागच्या विहिरीला अजून पाणी आहे. गल्लीतल्या बायका तिथं भरायच्या. काकांनी भोवती पत्रे ठोकून कुलूप घातलं आणि मला म्हणाले, या दाराला पण तुझी घंटा लाव. विहीर आटली तर माझी बारा माणसं कुठं जातील, असं त्यांचं म्हणणं. मला नाही म्हणता आलं नाही. पाटीवर तेरावा दिवा बसला. एक किल्ली काका उशाशी ठेवतात, दुसरी तपासणीसाठी आमच्या खिळ्यावर असते.

तुझ्या आशीर्वादाची गरज जरा जास्तच आहे, तेवढी लक्षात ठेव.
गुरू

*

लातूर, १२ एप्रिल १९८३

आदरणीय बाईंना,
पंचशीलाचा सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. मामी मला घंटाबाई म्हणते. काम आवडतं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगायची नाही असं कबूल केलंय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तुम्ही ती तुमच्यापाशीच ठेवाल, याची खात्री आहे.

काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तेरावा दिवा लागला. संगप्पाकाका जेवायला गेले होते, म्हणून घंटा बंद करून मीच धावले. बघते तर पत्र्याचं दार उघडं आणि आत सात-आठ बायका घागरी घेऊन उभ्या. पाणी शेंदून देत होत्या त्या बसलिंगप्पाशेटच्या घरातल्या दानम्माकाकू. स्वतः मालकीण. मला बघून त्यांचा हात थांबला. मग हळूच म्हणाल्या की, आमचे हे जेवून तीनपर्यंत झोपतात, तेवढ्यात उशाची किल्ली आणते, घंटेचं बटण बंद करते आणि दार उघडते, आज बटण तेवढं विसरले. सगळी गल्ली तहानलेली असताना माझ्या घशाखाली घोट उतरत न्हाई. माझं नाव तेवढं लिहू नको, पोरी.

मी परत येऊन लिहिलं: ‘२.१०. विहीर. स्वतः गेले. कुलूप फोडलेलं नाही. बायका पाणी भरत होत्या. चोर नाही.’ यात खोटं काही नाही. पण पूर्णही नाही. बाई, मी चुकले का?

आपली आज्ञाधारक,
पंचशीला

*

लातूर, २ मे १९८३

ती. सौ. अक्कास,
नमस्कार वि. वि.

या वेळी गंमत नाही. महिन्याच्या शेवटी गिऱ्हाईक रजिस्टर बघून सही करतं. काल काकांनी ते वाचलं. विहीर उघडली होती आणि मला सांगितलं नाही, म्हणून चिडले. कुलूप फोडलं नाही म्हणजे किल्लीनं उघडलं, असं त्यांनी मांडलं. एक किल्ली त्यांच्या उशाशी, दुसरी आमच्या खिळ्यावर. म्हणजे आमच्याच पोरीनं आपल्या माणसांसाठी विहीर उघडली, असं ते चारचौघांत बोलले. ‘आपल्या माणसांसाठी’ हे शब्द त्यांनी ज्या सुरात म्हटले, तो मला लिहवत नाही.

मी पंचशीलाला विचारलं. ती म्हणाली, मी उघडलं न्हाई. कोणी उघडलं ते ठाऊक हाय, पण सांगणार न्हाई. रेवणप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले की, ते पान फाड, पोरीला घरी पाठव, विषय संपला. नाहीतर येत्या सोमवारी सगळे दुकानदार तारा काढायला सांगतील. चोरघंटेवालेच किल्ली वापरतात असं एकदा गावभर झालं, की या धंद्यात राहतंच काय?

मी तिच्यावर विश्वास ठेवतो. पण विश्वास ठेवून काय करायचं, ते मला कळत नाही. लगेच लिही.
गुरू

*

मुखेड, ५ मे १९८३

चि. गुरूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देतेय, म्हणजे उद्याच मिळेल.

विहीर कुणी उघडली ते मला माहीत आहे. ते मी तुला सांगणार नाही, कारण मलाही विश्वासानं सांगितलंय. एवढंच सांगते, पंचशीलानं लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे.

पान फाडू नकोस. तू लोकांना तारा विकत नाहीस, त्या चार रकान्यांत खरं लिहिलं जातं हे विकतोस. एक पान फाडलंस की बाकीची कोण मानेल? दुकानं गेली तर जाऊ देत. रेडिओ अजून बिघडतात. आणि रागाच्या भरात काकांना उलट बोलू नकोस. वाईट माणूस नाही तो, घाबरलेला आहे.

पंचशीलाला तिच्या खुर्चीवरच बसव. सोमवारी तर नक्कीच.

जीव तुझ्यापाशी आहे.
अक्का

*

लातूर, १० मे १९८३

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल सोमवार झाला. सविस्तर लिहितो.

सकाळी अकराला बसलिंगप्पाकाका, रेवणप्पा आणि आणखी पाच जण माझ्या माडीवर आले. पंचशीला पाटीसमोरच बसली होती, पाठ ताठ. मी रजिस्टर उघडून समोर ठेवलं आणि सांगितलं की, पान फाटणार नाही, पोरगी जाणार नाही, ज्यांना तारा काढायच्या असतील त्यांच्या मी आजच काढून देतो. संगप्पा माझ्या मागं येऊन उभा राहिला, त्यानं बरं वाटलं.

काका पंचशीलाकडे वळून म्हणाले, शेवटचं विचारतो, दार उघडलं कोणी? ती म्हणाली, मी दिलेला शब्द मोडणार न्हाई. तुम्ही माझं नाव लावलं तर लावा.

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. दानम्माकाकू. आयुष्यात कधी नवऱ्याच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत, त्या माझी माडी चढून आल्या होत्या. धाप लागलेली, पदर डोक्यावर. कुणाकडे न बघता त्या पंचशीलाला म्हणाल्या, पोरी, शब्दातून तुला सोडलं. लिही. दार दानम्मानं उघडलं. रोज उघडते. आज दोन वाजता पण उघडणार हाय.

पंचशीलानं टाक उचलला आणि त्या ओळीखाली नाव लिहिलं. काका खुर्चीवर बसले. बोट ठेवून त्यांनी ती ओळ वाचली. मला वाटलं आता स्फोट होईल. पण त्यांनी एवढंच विचारलं की, रोज? काकू म्हणाल्या, रोज. मग ते पुटपुटले की रोज उपसूनही पाणी दोन हातसुद्धा उतरलं नाही, आणि मी इथं झोप घालवून बसलो.

उठताना ते पंचशीलापुढं थांबले. माझं चुकलं असं म्हणायला त्यांना जमलं नाही. रजिस्टर ओढून त्यांनी त्या पानावर सही केली आणि तिला म्हणाले, बाई, तुमचं बरोबर होतं. तिला ‘बाई’ म्हणणारा गोलाईतला तो पहिला माणूस. रेवणप्पांना लगेच खोकला आला. तारा कुणाच्याच निघाल्या नाहीत. विहिरीचं कुलूप निघालं. तिथली तार मी सोडवायला गेलो, तर काका म्हणाले, राहू दे, दार उघडलं की कळतं तरी. फक्त कुणी शिट्टी मारत येऊ नका.

दाजींना सांग, फडताळाचा चोर सुधारला. उन्हाळ्यात एकदा ये, तुझी वाट बघण्यातच आमचा लोभ.
गुरू

*

लातूर, २८ मे १९८३

आदरणीय बाईंना,
पंचशीलाचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. तिनं ते डब्यात ठेवलंय.

तेरावा दिवा आता रोज दोन वाजता लागतो. त्याची घंटा मी काढून टाकली, नुसता दिवा. मी लिहिते, ‘विहीर उघडली.’ तिसरा रकाना, कोण गेलं, रोज रिकामा राहायचा.

काल आमच्या वस्तीत टँकर आला नाही. मामी तापानं पडलेली. दोन वाजता दिवा लागला तेव्हा मी संगप्पाकाकांना पाटीसमोर बसवलं, त्यांच्याच सायकलला घागर बांधली आणि गेले. दारात जरा थांबले. बायका वळून बघायला लागल्या. दानम्माकाकू बाजूला सरकल्या आणि दोर माझ्या हातात दिला. बाई, विहीर खोल आहे, घागर वर यायला वेळ लागतो. पाणी गार होतं.

परत येऊन तिसरा रकाना भरला. कोण गेलं: पंचशीला, घागर घेऊन.

तुमची,
पंचशीला