फिल्टर मीच बदलणार

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

मेहुणा जेवायला आला होता. हात पुसत म्हणाला, की भावोजी, तुमची पिकअप चढावर धापा टाकतेय, डिझेलचा फिल्टर चोंदलाय, माझ्याकडे टाकून जा, अर्ध्या तासात बदलून देतो. गॅरेजवाला माणूस. त्याला जगातल्या सगळ्या गाड्या आजारी दिसतात. चढावर मीसुद्धा धापा टाकतो. माझा फिल्टर बदला असं अजून कोणी म्हणालेलं नाही.

आणि 'टाकून जा' म्हणजे काय? मी काय गाडी टाकणारा माणूस आहे?

लाँड्री हिची, पण ती चालते माझ्यामुळे. ऑफिस बंद पडल्यापासून ट्रान्सपोर्टचं खातं मी एकहाती सांभाळतोय. रोज सकाळी हॉस्पिटलला धुतलेल्या चादरींचे गठ्ठे पोचवायचे, मळलेले आणायचे. हॉस्पिटलच्या गेटवरचा वॉचमन मला सलाम करतो. ऑफिसात इतकी वर्षं काढली, तिथे शिपायानेही केला नाही. घरी परतलो की दोनदा हॉर्न वाजवतो. ही हातातलं काम टाकून येते आणि फाटक उघडते. ज्याचं त्याचं काम ठरलेलं असलं की संसार सुरळीत चालतो.

ही म्हणाली, द्या ना त्याच्याकडे, या महिन्यात हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा व्हायचंय, मेट्रनबाईंनी बजावलंय की चादरी आठच्या आत हव्यात, नाहीतर दुसरी लाँड्री बघू. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर दुकान बंद करावं लागेल, असंही म्हणाली. मी म्हणालो, म्हणूनच. इतकं महत्त्वाचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसतं.

निश्चय: फिल्टर मीच बदलणार. उद्या.

३ नोव्हेंबर, सोमवार.

आज नाही. कामाआधी अभ्यास हवा. फोनवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस हातमोजे घालून बसला होता, त्यावरूनच त्याचा अनुभव कळला. शेवटचा भाग पाहिला नाही. जुना निघाला, नवा बसला, पुढे बघण्यासारखं काय उरतं? लोकांना उगाच बोलत राहायची सवय असते.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

फिल्टर आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, मॉडेल कुठलं. मी म्हणालो, पांढरी पिकअप. म्हणाला, रंगावर फिल्टर मिळत नाही, जुन्यावरचा नंबर बघून या. घरी आलो. बॉनेट उघडलं. नंबरावर काजळी. पुसली तर नंबरच पुसला गेला. पुन्हा दुकानात जाऊन अंदाजाने सांगितला. मिळाला. माणसाचा आत्मविश्वास बघून दुकानदार बदलतात.

डब्यात फिल्टर आणि नवं रबराचं कडं. वस्तू देखणी आहे. जेवणाच्या टेबलावर ठेवली. हिने उचलून कपाटावर ठेवली.

५ नोव्हेंबर, बुधवार.

पाठ धरली आहे. उद्या नक्की.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.

आज मुहूर्त लागला. तपशील लिहून ठेवतो.

जुना फिल्टर हाताने फिरेना. फिल्टर पकडायला पट्टापाना लागतो म्हणे. तो माझ्याकडे नाही, मेहुण्याकडे आहे. अडला हरी वगैरे म्हण आठवली, पण एवढाही अडलो नव्हतो. कमरेचा पट्टा काढून फिल्टरला गुंडाळला आणि ओढला. पट्टा तुटला. मग एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने काम. शेवटी स्क्रू ड्रायव्हर फिल्टरच्या आरपार ठोकला आणि त्याचीच मूठ करून फिरवला. फिरला! डिझेल मात्र कोपरापर्यंत आलं आणि तिथून बगलेत गेलं. खाली पडून बघायला अंथरूण हवं होतं म्हणून हॉस्पिटलच्या गठ्ठ्यातली एक चादर घेतली होती. काम झाल्यावर व्यवस्थित घडी घालून परत गठ्ठ्यात ठेवली. शिस्त म्हणजे शिस्त.

नवा फिल्टर बसवताना ही बाहेर आली. विचारलं, अहो, वरचं जुनं रबर काढलंत का, आमच्या मशीनच्या दाराचं रबर बदलताना जुनं तिथेच चिकटून राहतं, ते आधी खरवडून काढावं लागतं. मी तिला शांतपणे समजावलं, की कपडे धुण्याचं मशीन वेगळं आणि डिझेल इंजिन वेगळं. ती आत गेली. पटलं असावं.

फिल्टर कचकचीत आवळला. सेल्फ मारला.

सुरू झाली!! पहिल्या सेल्फला!

ताबडतोब मेहुण्याला फोन लावला, म्हणजे त्याला इंजिनाचा आवाज ऐकवता येईल. त्याने फोन उचलेपर्यंत गाडी बंद पडली होती. मग त्याची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

सेल्फ मारत राहिलो. गाडी एकदा खोकली. मग नुसता टक टक आवाज. मग तोही नाही. बॅटरी उतरली. बॅटरी जुनीच होती, त्यात माझा काय दोष? करायला जावं एक आणि लोकांच्या जुन्या बॅटऱ्या आड याव्यात, हे माझं नेहमीचंच नशीब.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

डिझेल गाडीला धक्का हाच उपाय. आमच्या दारातून रस्ता सरळ उताराचा आहे, थेट खालच्या चौकापर्यंत. चौकात मेहुण्याचं गॅरेज आहे, पण तिथवर जायची वेळच येणार नव्हती.

प्रश्न होता स्टिअरिंगवर कोण बसणार. धक्का मारणं जोखमीचं काम, मागे जाणकार माणूस हवा. म्हणून हिला बसवलं. समजावलं: दुसरा गिअर, क्लच दाबून ठेव, मी ओरडलो की सोड, गचका बसला की पुन्हा दाब. इंजिन बंद असलं की ब्रेक जड लागतो, हेही सांगितलं. म्हणाली, बरं. लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या दोघी आणि मी मागे. गाडी सुटली, मी ओरडलो, तिने क्लच सोडला, गाडी हिसके देत शिंप्याच्या दुकानापुढे जाऊन थांबली. सुरू झाली नाही. तिने क्लच फार अलगद सोडला असावा. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही उशिरा ओरडलात.

गठ्ठे तिथेच रस्त्यावर उतरवले. हिने कुणाला तरी फोन केला आणि कुठूनसा टेम्पो आला. दारावर गॅरेजचं नाव रंगवलेलं होतं. कुठल्या गॅरेजचं ते वाचलं नाही, चष्मा घरी होता. चादरी नऊनंतर पोचल्या. वॉचमनने मी कुठे असं विचारलं का, ते हिच्या लक्षात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार.

मेट्रनबाईंचा फोन. एक अख्खा गठ्ठा परत येतोय. अख्ख्या वॉर्डात पेट्रोल पंपाचा वास सुटलाय, पेशंट ओकाऱ्या काढतायत, असं म्हणाल्या. वर म्हणाल्या, उशीर आणि वास एकाच दिवशी, आता बुधवारपर्यंत बघते, नाहीतर आमचा मार्ग मोकळा.

मी हिला म्हणालो, डिझेलने जंतू मरत असतील. हिने भांडीसुद्धा आपटली नाहीत. तो गठ्ठा तिने पुन्हा मशीनमध्ये घातला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा घालायला लागली तेव्हा मी म्हणालो, मी मदत करू का. म्हणाली, नको, तुम्ही नका करू. काळजी घेते माझी.

पण खरं लिहायचं तर आज भीती वाटली. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर लाँड्री जाईल, आणि लाँड्री गेली तर मी सकाळी उठून कुठे जाणार?

९ नोव्हेंबर, रविवार.

पुन्हा धक्का. शिंप्याच्या दुकानापासून दातांच्या डॉक्टरांच्या पाटीपर्यंत. बॅटरी शिंप्याच्या मुलीने चार्ज करून आणली होती, तरी गाडी ढिम्म. शिंपी म्हणाला, एअर धरली असेल. शिंप्याने कापडाबद्दल बोलावं.

एक नोंद: हीच स्टिअरिंगवर होती. वाटेत एक सायकलवाला आडवा आला. मी मागून आरडाओरडा करायच्या आत तिने गाडी बाजूने काढली आणि सरळ करून कडेला लावली. इस्त्रीवाल्या दोघींनी टाळ्या पिटल्या. ही खिडकीतून डोकं बाहेर काढून खदाखदा हसत होती. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले, आठवेना. गाडी बंद पडलेली असताना हसण्यासारखं काय आहे?

म्हणाली, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मी म्हणालो, भास आहे. मलाही पहिल्या दिवसापासून तो होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार.

व्हिडिओचा शेवटचा भाग पाहिला. नुसती करमणूक म्हणून.

फिल्टर बदलला की लाईनमध्ये हवा शिरते. फिल्टरच्या डोक्यावर हातपंप असतो, तो दाबत राहायचा, एअर स्क्रूतून बुडबुडे येतात, बुडबुडे संपले आणि नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. एवढंच! ही माहिती व्हिडिओच्या सुरुवातीला द्यायला काय हरकत होती?

शिंप्याने आगाऊपणे बरोबर सांगितलं होतं. त्याला काही बोललो नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

दिवसभर दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभा राहून पंप मारतोय. बुडबुडे संपत नाहीत. किती हवा असावी एखाद्या गाडीत! अंगठ्याला फोड आला. आत ड्रिलचा आवाज, बाहेर मी. एक पेशंट गाल धरून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचं बघून बरं वाटलं.

निश्चय: कितीही बुडबुडे येवोत, मेहुण्याकडे जाणार नाही. मोडेन पण वाकणार नाही. पाठ तशीही वाकत नाहीये.

हिने सकाळच्या चादरी आजही त्याच टेम्पोने पाठवल्या. वेळेवर पोचल्या म्हणे. चष्मा आज डोळ्यांवर होता. नाव वाचलं. मेहुण्याचंच गॅरेज.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

शेवटचा धक्का. आता रस्त्याचा सगळ्यात तीव्र उतार. गाडी सुरू होणारच होती.

गाडी सुटली. मी ओरडलो, सोड! तिने सोडला. गचका. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मी धावतोय, एक चप्पल मागे राहिली, ओरडतोय, ब्रेक! ब्रेक! तिने ब्रेक मारला नाही. चौकात डावीकडे वळवली आणि गॅरेजच्या उघड्या दारातून, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, सरळ आत नेऊन उभी केली. मेहुणा दार उघडून तयारच होता. आधी बोलणं झालं होतं की काय, मी विचारलं नाही.

नोंद असावी: गाडी उतारामुळे तिथे गेली. मी नेली नाही.

मेहुण्याने फिल्टर काढला आणि वर बोट दाखवलं. रबराची कडी दोन. जुनं तिथेच चिकटलेलं, त्यावर माझं नवं. त्या फटीतून हवा आत येतच राहणार, म्हणाला. मी म्हणालो, एकाऐवजी दोन असली तर जास्त सुरक्षित नाही का. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. चहा सांगितला, आणि म्हणाला, भावोजी, पंख्याखाली बसा.

मी वाट बघत होतो, की ही आता म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणालीच नाही. जुनं कडं निघाल्यावर सुरू झालेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

वर येताना चालवत मी नव्हतो. फोडामुळे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.

साडेसहाला तयार झालो. दाढी केली, नवा पट्टा लावला. खिळ्यावर किल्ली नव्हती. अंगणात पिकअप नव्हती.

इस्त्रीवाल्या म्हणाल्या, ताई गेल्या हॉस्पिटलला, कालही त्याच गेल्या होत्या, तुम्ही झोपला होतात. लायसन्स? तिच्याकडे लग्नाआधीपासून आहे, वेळोवेळी नवं करून घेते, हे मला माहीत होतं. त्यावरचा फोटो चांगला आलाय असं मीच कितीदा म्हणालोय.

म्हणजे धक्क्यापुरतं मी तिला स्टिअरिंगवर बसवलं, आणि ती बसलीच.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.

हिचा फोन आला. कॉन्ट्रॅक्ट झालं, पुढच्या पूर्ण वर्षाचं. मेट्रनबाई हिला म्हणाल्या, आता गाडी तुम्हीच आणत जा. आवाजात किती आनंद होता तिच्या! लाँड्री वाचली. मलाही आनंद झाला. झालाच. मग ती म्हणाली, गेटवरच्या वॉचमनने आज मला सलाम केला हो, मला किती गंमत वाटली.

सलाम गाडीला असतो, असं दिसतं.

मला वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

इस्त्रीवाल्यांनी विचारलं, बसलाच आहात तर चादरींच्या घड्या घालता का. घातल्या. त्यांनी त्या उलगडून पुन्हा घातल्या. मी म्हणालो, मला दाखवा. त्यांनी दाखवलं. आधी लांबीत, मग कडा जुळवून. सोपं आहे. उद्यापर्यंत हातात बसेल.

साडेनऊ.

पिकअप चढावरून वर आली. धाप नाही, आवाज नाही. इतकी गुपचूप, की दारात येईपर्यंत मला कळलंच नाही.

दोनदा हॉर्न वाजला.

हातातली घडी तशीच टाकून गेलो आणि फाटक उघडलं. फाटक कुरकुरलं. ही खिडकीतून म्हणाली, अहो, बिजागरीला तेल हवंय, भावाला सांगू का.

मी म्हणालो, सांग.