गोळी ह्यांच्याच हातून

तीर्थरूप आईंना,
लांबूनच, पण मनापासून नमस्कार.

पार्सल मिळालं. दोन टॉवेल, लोकरीची टोपी आणि भिंग नीट पोचलं. टपालाचे एकशे चाळीस पाहून जीव हळहळला, पण भिंग कामाला आलं. हे त्यातून गोळ्यांची नावं स्वतः वाचतात.

ह्यांना बसवलेलं नवं लिव्हर छान चाललंय, काळजी नसावी. फक्त नर्सबाईंनी मला ताकीद दिलीय, गोळीला हात लावायचा नाही आणि आठवणही करून द्यायची नाही. त्यांचं त्यांना जमेपर्यंत घरी सोडणार नाहीत.

काल रक्त तपासायचं होतं. अशा दिवशी तपासणीचं रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची असते. ह्यांनी सवयीने गोळी तळहातावर घेतली, पेलाही उचलला. नर्सबाई दारातून बघत होत्या. मी तोंडाला पदर लावून देवाचं नाव घेत बसले. तेवढ्यात हे थांबले, गोळी डबीत परत ठेवली आणि म्हणाले, "अगं, आज आधी रक्त ना? तू बोलली का नाहीस?"

"मला बंदी आहे," म्हटलं.

नर्सबाई हसल्या. पुढच्या आठवड्यात सोडतील म्हणाल्या.

देवाची कृपाच. पण आता हे पाणीसुद्धा आपलं आपण घेतात, फिरायला एकटे जातात. मी खिडकीशी बसून असते. हात इतके रिकामे कधी नव्हते.

तुमचे गुडघे कसे आहेत? घरी माझ्यावाचून कुणाचं काही अडलंय का, ते उलट टपाली कळवा. अडलं नसेल, तरी थोडं अडलंय असं लिहा.

तुमची,
सूनबाई