न वाचता केलेली सही

अण्णा, आज पेपरात निकाल आलाय. कंत्राटदाराचं नाव बदललं म्हणून कामगार नवा होत नाही, काम कोण करून घेतं ते बघायचं, असं कोर्ट म्हणतं. आता म्हणतात! धाटावच्या केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं तुम्ही त्याच गेटातून आत गेलात, त्याच रिॲक्टरपाशी खोकलात, आणि एवढं साधं कळायला यांना तुमची किती वर्षश्राद्धं व्हावी लागली. मी पेपर आपटला. सून म्हणाली, "आई, चहा सांडला."

मग तो रविवार आठवला. वरसे गावातल्या आपल्या घरी आई तांदूळ निवडतेय, आणि तुमच्या शिफ्टचे अकरा जण ओसरीत न मावून पार चुलीपर्यंत आलेत. सोमवारपासून कंत्राटदार नवा, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक इंग्रजी कागद. "वकील कशाला? आपली कानवेंटची मडम हाय ना!" तुमचा जोडीदार हसतो. तुम्ही माझ्यापुढे पाट सारता. "वाच गो. सावकाश वाच." मी आठवीतली, पेणहून सुट्टीला आलेली, वेण्यांना निळ्या रिबिनी. घडाघडा वाचते आणि सांगते, "काही नाही, नेहमीचंच आहे. करा सही." सगळे करतात.

आधीची नोकरी संपली, आम्ही आजपासून नवे, असं त्यात होतं. दोन वर्षांनी सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा कंपनीने कामगार न्यायालयात तोच कागद पुढे केला. न्यायाधीशांनी विचारलं, "हा कुणी वाचून दाखवला नव्हता?" मी मागच्या बाकावर होते. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "कोनी नाय साहेब. न वाचताच केली सही." अहो, का? तेरा वर्षांच्या पोरीवर भिस्त ठेवली म्हणाला असतात, तर निदान ऐकून तरी घेतलं असतं! निकालात तेच आलं: न वाचता सही केली, दोष तुमचाच. परतीच्या एसटीत तुम्ही मला खिडकी दिलीत. त्यानंतरही कुठलंही पाकीट आलं की, "वाच गो." माझा संताप व्हायचा.

इतकी वर्षं तुमच्यावर चिडत राहिले, ते सोपं होतं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. त्या कागदातला तिसरा परिच्छेद मला समजला नव्हता. समजला नाही, हे मात्र समजलं होतं. इतक्या माणसांपुढे तसं म्हणायची लाज वाटली, अण्णा. मी तो गाळला.