थकव्याचा पुरावा

आबा, उद्या सोलापूरला जायचे आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज माझ्या डोक्याला लावून त्यांतून वीस मिनिटे अगदी सौम्य वीज सोडणार आहेत. कापाकापी नाही, भूल नाही. पक्षाघातातून माझा हात सावरला, वाचाही आली. पण आंघोळ करून आलो की सदऱ्याची बटणे लावण्याआधी पलंगावर बसावे लागते, तो थकवा तेवढा गेला नाही. उपचार अजून पारखला जातो आहे, काहींना उतार पडतो, काहींना नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. जन्मभर वकिली केलेल्या मला हे उत्तर प्रामाणिक वाटले. भीती मात्र त्याने कमी झाली नाही. "या वयात डोक्याला करंट? आधी फ्यूज तरी शाबूत हाय का बघा," असे तुमची सून म्हणते, आणि पिशवीत माझा टॉवेल दुसऱ्यांदा भरते.

आपल्या बेंबळीच्या माळावरचा मेंढ्यांच्या कातरणीचा दिवस मला सारखा दिसतो आहे. तुमच्याही अंगावरून वारं जाऊन, असाच पक्षाघात होऊन, वर्ष झाले होते. हात उचलला जात होता, पाय चालत होता, तरी तुम्ही दिवसभर बाभळीखाली पडून असायचात. लोकर कातरायला सगळी भावकी जमते, आणि तिथे बसून राहिलेला माणूस सर्वांच्या नजरेत येतो. म्हणून नुकत्याच वकील झालेल्या मी तुमच्या हाती कातर दिली. तुम्ही दोन मेंढ्या कातरता. तिसरीचे पाय धरता आणि तिच्याच अंगावर डोके टेकता. "लेका, जीवच न्हाय रं उरला." मी म्हणतो, "दोन झाल्या, म्हंजी ताकद हाय. ताकद असून काम होत न्हाय, म्हंजी मनातच न्हाय." चुलते हसतात, "दादा, पोरानं केस जिंकली की तुमच्यावर!" तुम्हीही हसता. त्यानंतर शेवटपर्यंत माझ्यासमोर तुम्ही दिवसा कधी आडवे झाला नाहीत.

दोनदा जमले ते तिसऱ्यांदाही जमेल, हे मी सिद्ध न करताच गृहीत धरले होते.

गेल्या खेपेला कागद भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, वडिलांनाही झटका आला होता ना? त्यांनाही असा थकवा यायचा का?" साक्षीदारांच्या ज्या उत्तरावर मी कोर्टात तुटून पडत असे, तेच मी दिले: "आठवत नाही." त्यांनी ते लिहून घेतले. तुम्हाला लिहिलेला हा कागद घडी करून मी चष्म्याच्या डबीत ठेवतो आहे. उद्या ते उत्तर मी बदलेन, अशी ग्वाही मला देता येत नाही.