रिबकाच्या वाटचा मलिदा

२ जून १९९८, मंगळवार. लोद, इस्रायल
भेंडी चिरत होते. रेडिओवर: दक्षिणेत शिकाऊ विमान पडलं, दोघं गेले. आमचा मुलगा गिल तिथल्याच विमान शिकवणाऱ्या शाळेत. फोन लागेना. भिंतीवरच्या प्रेषित एलियाहू हनबीच्या तसबिरीकडे बघून नवस बोलले, ‘माझा नसू दे. दुसरा कुणीही असू दे. मलिदा करीन.’

मग फोनवर गिलचा आवाज. हायसं वाटून रडले. तो म्हणाला, गेले ते शिक्षक आणि ओरेन.

ओरेन! रिबकाचा मुलगा. परवाच्या शनिवारी, शाब्बाथला, आमच्याकडे जेवला. माझ्या हातच्या मटणाला नावं ठेवत दोनदा घेतलं.

३ जून
दफन. रिबका माझी ठाण्यापासूनची मैत्रीण, पण मी मागेच उभी राहिले. गिल सांगत होता, उडताच इंजिन बंद पडलं. अशा वेळी धावपट्टीकडे परत वळायचं नाही, समोरच उतरायचं, हे रोज घोकून घेतात. तरी वळले. चौकशी होईतो शाळा बंद.
सगळं ऐकताना मी बघत होते ते गिलचे हातपाय. धड आहेत म्हणून. शी!

७ जून, रवि.
शिव्हाला गेले, सात दिवसांच्या सुतकात भेटायला. रिबका खाली गादीवर. मला शेजारी बसवून घेतलं, म्हणाली,
"बातमी ऐकली नि मी मलिदा बोलले गो. तू नव्हतीस बोललीस?"
"नाही."
नाही का म्हणाले? तिने हात धरला माझा, सोडलाच नाही.

१५ जून
नवस फेडायला तर हवा. हे म्हणतात, गुपचूप उरकू. दहा पुरुष जमल्याशिवाय मलिदा होत नाही, आणि दहा जमले की गुपचूप कसलं? ह्यांच्या ब्लडप्रेशरचा नवस होता असं सांगायचं ठरलं.
गिल हिब्रूत तडकला. आई, नक्की कशाबद्दल आभार मानतेस?
चपात्या लाटत राहिले.

१८ जून, गुरु.
मलिदा झाला. पोहे, नारळ, साखर, पाच फळं. हनबीच्या गाण्याला नुसते ओठ हलवले. जो तो ह्यांना तब्येत विचारत होता. हे बिचारे खरोखरच आजारी दिसत होते.

१९ जून, शुक्र.
रिबकाचा फोन. "मलिदा झाला म्हणे."
मी ब्लडप्रेशर सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या वाटचा ठेवलास ना गो?"

एक वाटी आहे. गिलसाठी ठेवलेली, त्याने हात लावला नाही.
रविवारी शाळा उघडते. तो जाणार म्हणतो. हनबीसमोर उभी राहिले, तेच शब्द तोंडाशी आले, तोंड मिटून घेतलं.
आज सूर्य मावळून शाब्बाथ लागायच्या आत वाटी पोचवायला हवी. खोटं सांगून दिली तर तिच्या घशाखाली काय उतरेल? आणि नवस त्या दिवशी गिलसाठी केला होता एवढं कबूल केलं, तर ती विचारेलच, काय बोलली होतीस. ‘दुसरा कुणीही’ हे तिला कसं सांगू?