शिक्का माझा, हात कुणाचे

४ ऑक्टोबर १९७३
मातीकामाच्या वर्गात सुभद्रेला आज पुन्हा ओरडलो. अख्खा वर्ग पायाचं चाक डावीकडे फिरवतो, ही एकटी उजवीकडे! म्हणते कशी, "सर, माझे हात तसेच चालते. बाबाचं चाक पाहून पाहूनच शिकली ना मी." वडील धोंडबा, जुने कुंभार. बाईने चाकावर बसायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. पोरगी लहानपणापासून नुसती बघत राहिली. इथे चित्रकला शिकते, असं घरी सांगितलंय. कळलं तर वर्गातून नाव काढून घेतील.

१० ऑक्टोबर
वर्गाला नमुना म्हणून बरणी केली. पाच मिनिटांत! वीस वर्षांचा हात आहे म्हटलं. सगळ्यांना हुबेहूब तशीच करायला लावली.

१२ ऑक्टोबर
बरण्या अर्धवट सुकल्या. फळीवर माझी धरून एकसारख्या नऊ. त्यातली माझी ओळखायला वेळ कशाला? सगळ्यात डौलदार ती माझी! उचलली, बुडावर माझा शिक्का मारला.

२ नोव्हेंबर
भट्टी उघडली. काय निळा रंग उतरलाय! बरणी दिल्लीच्या प्रदर्शनाला धाडतो.

२१ डिसेंबर
पहिलं बक्षीस!! परीक्षक लिहितात, "असा हात विरळा." दहा वेळा वाचलं. वर्गात संत्रा बर्फी वाटली. सुभद्रेने तिची खाल्ली नाही, रुमालात बांधली. बापासाठी असेल.

८ फेब्रुवारी १९७४
बरणी परत आली. आत पेटीतलं गवत अडकलं होतं, काढायला हात घातला. आतल्या भिंतीवर बोटांच्या रेषा लागल्या— उलट्या चढणाऱ्या. माझ्या जुन्या तीन बरण्या चाचपल्या. त्या सगळ्यांतल्या रेषा दुसऱ्या दिशेने.
उजवीकडे चाक फिरवणारं वर्गात एकच माणूस.
सुभद्रेला बोलावलं. "तुले माहीत होतं?"
"हो सर. तुम्ही शिक्का मारून राहिले होते, तवा मी बाजूलेच होती."
"मग काहून बोलली नाही वं?"
"नऊमधून तुम्ही माझीच उचलली. मले त्यातच भरून पावलं. अन् नाव छापून आलं असतं तर बाबाले कळलं असतं."
लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगतो, बक्षिसाच्या दिवशी फुगली नव्हती एवढी छाती आज फुगली. ही मी शिकवलेली पोर! आणि चाक पलट म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो.

९ फेब्रुवारी
बक्षीस तिच्या नावावर करा, असं दिल्लीला लिहिलंय. पत्र अजून खिशात. "टाका सर," सुभद्रा म्हणाली, "पण आधी बाबाले सांगा. तुम्हीच सांगा."

१० फेब्रुवारी
बरणी आणि सुभद्रेला घेऊन धोंडबांकडे गेलो. ते चाकावर बसले होते, तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी बरणीत हात घातला, बराच वेळ रेषा चाचपल्या. मग चाकावरून उठले आणि चाक फिरवायची काठी लेकीच्या हातात दिली.