तीन टिंबांच्या पुढे

प्रिय धाकटोबा,

घर सोडून मित्राकडे राहायला गेलास. तालमीला मात्र वेळेवर येतोस, आणि बायकोला काही सांगायचं झालं की मला म्हणतोस, तिला सांग, जरा डावीकडे उभी राहा. मी तुमच्या नाटकाची प्रॉम्प्टर आहे बाबा, टपालखातं नाही. आज तर राणीचं काम तिच्याकडून काढून घेतो म्हणालास. तोंडाने बोलायला लागले की तू उठून जातोस, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या तालमी आठवतात? तुझा हाच मित्र कपटी प्रधान झाला होता. राजाच्या कानाशी येऊन म्हणाला, काल राणीसाहेबांना सेनापतीबरोबर... आणि थांबला. मला वाटलं, विसरला. पुढचं वाक्य सांगायला पान बघितलं, तर नुसती तीन टिंबं. मी खुळ्यासारखी पानं उलटत राहिले आणि तुम्ही सगळे हसलात. तेव्हा तूच समजावलंस, की प्रधान खोटं बोलतच नाही. तो वाक्य अर्धं सोडतो, उरलेलं राजा स्वतःच्या मनाने भरतो. एवढं कळणाऱ्या माणसाला मित्राने चहा पिता पिता सांगितलं, तालीम सुटल्यावर वहिनी आणि तो सेनापतीचं काम करणारा नट दार लावून आत... जाऊ दे, उगाच तुला त्रास. आणि तू घर सोडलंस. राणीचं काम त्या मित्राच्याच बहिणीला द्यावं, हे कुणी सुचवलं तेही जरा आठवून बघ.

दार लावलेलं असायचं, हे खरं आहे. तिची आई गेल्यापासून तिच्या डोक्यात संवाद टिकत नाहीत. तुला कळलं तर तू काम काढून घेशील, या धास्तीने ती चोरून तालीम करत होती. तो नट समोरचे संवाद म्हणायचा; ती अडायची, रडायची, परत उभी राहायची. मला माहीत आहे, कारण पुस्तक घेऊन मी तिथेच बसलेली असायचे. बंद दारामागे आम्ही तिघं होतो रे, पण प्रॉम्प्टरला कोण मोजतो? तुला सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली होती. ती आज मोडली. तो राजा अख्खं नाटक सगळ्यांना विचारत फिरतो, फक्त राणीला विचारत नाही. तू विचार. सध्या मी तिच्या सोबतीला तुमच्याच घरी झोपते. रोज रात्री मी दाराला कडी घालते आणि ती उठून काढून ठेवते.

तुझीच,
ताई